वाचक विचारतात : नाताळची सजावट पुढच्या वर्षापर्यंत टिकवायची कशी?

प्रश्न : आमचं घर टिनाचं आहे. नाताळचं झाड, लाइटिंग, थर्माकोलचा तारा आणि उरलेल्या मेणबत्त्या एकाच खोक्यात भरून माळ्यावर ठेवल्या होत्या. डिसेंबरात खोकं उघडलं तर झाडाच्या पात्या एकमेकींना चिकटलेल्या, मेणबत्त्या वाकलेल्या आणि ताऱ्यावर जिथे वायर टेकली होती तिथे खोल चर पडलेला. उंदराचं काम म्हणावं तर दाताचे व्रण नाहीत. (तालुका ब्रह्मपुरी)

यात उंदराचा दोष नाही, माळ्याचा आहे. मे महिन्यात तुमच्या भागात सावलीतच पारा 45 च्या पुढे जातो. टिनाला लागून असलेली जागा त्याहून कितीतरी जास्त तापते. मेणबत्तीचं मेण वितळण्याच्या बरंच आधी मऊ पडतं आणि उभी किंवा तिरकी ठेवलेली मेणबत्ती स्वतःच्याच वजनाने वाकते. झाडाच्या पात्या पातळ प्लॅस्टिकच्या असतात. दाबून बांधलेल्या अवस्थेत तापल्या की त्या तोच आकार धरून बसतात.

ताऱ्यावरचा चर मात्र नुसत्या उष्णतेचा नाही. वायरचं प्लॅस्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. वायर थर्माकोलला टेकून राहिली की ते द्रव्य हळूहळू थर्माकोलमध्ये उतरतं. थर्माकोल विरघळून खचतं आणि वायर कडक होऊन तडकते. थंड जागीही हे होतं, उन्हाळ्यात जास्त वेगाने होतं. तारा गेला तर कागदाचा दुसरा करता येईल, पण ती वायर नीट तपासा. वाकवल्यावर कुठेही चीर दिसली तर ती माळ पुन्हा लावू नका, कारण आतून 230 व्होल्ट जातात. यापुढे वायर आणि थर्माकोल वेगळ्या डब्यांत ठेवा. डबा एकच असेल तर मधे जाड सुती कापड घाला.

सामान माळ्यावरून खाली आणा. आतल्या खोलीत, पश्चिमेची भिंत सोडून, पलंगाखालची जागा घरात त्यातल्या त्यात थंड असते. मेणबत्त्या एकेक कागदात गुंडाळून आडव्या ठेवा. लाल मेणबत्ती पांढरीला चिकटून राहिली तर रंग लागतो. माठाच्या खोलीतला ओलावा मेणबत्तीला बाधत नाही, लाइटिंगला बाधतो. झाड मधल्या सांध्यांवर सुटं करा, फांद्या वरच्या बाजूला मिटा आणि सुती नाडीने सैल बांधा. रबरबँड उन्हाळ्यात चिकट होऊन पात्यांना डाग पाडतात. चिकटलेल्या पात्यांवरून कोमट पाण्यात पिळलेलं फडकं फिरवा आणि बोटांनी एकेक मोकळी करा. झाड पाण्यात बुडवू नका, आतली तार गंजते.

प्रश्न : दरवर्षी माळ लावली की अर्धीच पेटते. गुंडाळण्यात चुकतं का? (तालुका अचलपूर)

बहुतेक वेळा गुंडाळण्यातच. अशा माळेत दिव्यांचे गट असतात आणि एका गटातले दिवे एकामागोमाग जोडलेले असतात. त्यातल्या एकाचा पाय तुटला की अख्खा गट बंद पडतो. वायर जिथे दिव्यात शिरते तिथेच ती तुटते आणि हात-कोपराभोवती ताणून गुंडाळलं की नेमका तिथेच पीळ बसतो.

साधारण एक फूट लांब आणि सहा इंच रुंद जाड पुठ्ठा घ्या. दोन्ही टोकांना खाच पाडा. माळ आधी जमिनीवर पसरून दहा मिनिटं लावून बघा. गुंडाळलेल्या अवस्थेत पेटवू नका, उष्णता आत कोंडते. मग पिनेच्या विरुद्ध टोकापासून सैल गुंडाळत या. पीन बाहेर राहिली की पुढच्या वर्षी न सोडताच हाती लागते. सेलोटेप नको, तिचा डिंक उन्हाने वायरवर उतरतो. सुतळी बांधा.

बंद गट शोधायचा तर पीन काढून एकेक दिवा बघा. काळा पडलेला दिवा, हिरवा गंज चढलेला पाय किंवा सैल वायर दिसेल. चालू माळेत दिवे हलवून बघायची सवय धोक्याची आहे. खराब दिवा काढून दोन्ही टोकं जोडता येतात, पण सोल्डरिंगच्या कावियाने डाग देऊन आणि वर प्लॅस्टिकची नळी (स्लीव्ह) चढवूनच. नुसती पिळून टेप मारली तर दवात शॉक बसू शकतो. एका गटातून एक-दोनपेक्षा जास्त दिवे काढू नका. उरलेल्यांवर व्होल्टेज वाढतं आणि तेही लवकर जातात.

प्रश्न : गव्हाणीतल्या (येशूजन्माच्या देखाव्यातल्या) मूर्ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या, तरी पावसाळ्यानंतर बुरशी आली. (तालुका चिखलदरा)

पिशवीमुळेच आली. प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओल शोषतं आणि पिशवी ती बाहेर जाऊ देत नाही. बुरशी कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झटका, नाकाला रुमाल बांधून. पाण्याने धुऊ नका, रंग सुटतो आणि प्लॅस्टर मऊ पडतं. कडक उन्हात रंग विटतो, म्हणून वाऱ्याच्या सावलीत दोन-तीन दिवस ठेवा. मग प्रत्येक मूर्ती जुन्या धुतलेल्या सुती लुगड्याच्या तुकड्यात वेगळी गुंडाळा. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या चेहऱ्यावर उतरते.

सिलिका जेलच्या पुड्या लोखंडी पेटीत टाकून फारसा उपयोग नाही. पेटी हवाबंद नसते, त्यामुळे मेळघाटच्या पावसात त्या लगेच भरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात त्या चालतात. श्रावणात उघडीप मिळाली की दुपारी पेटी तासभर उघडी ठेवा, एवढं पुरे.

गव्हाणीतलं तणस किंवा कुटार मात्र साठवू नका. त्यात दाणे राहतात आणि त्यांच्या वासाने उंदीर येतात. चमकी उडालेली असेल तर ते जनावरांनाही घालू नका.

प्रश्न : उंदीर आणि वाळवीसाठी डांबरगोळ्या टाकाव्या का? रिकामी झालेली धान्याची कोठी वापरली तर? (तालुका दारव्हा)

डांबरगोळ्यांनी उंदीर थांबत नाही, वाळवीही नाही. उलट त्यांच्या वाफेने थर्माकोल आणि काही प्लॅस्टिक मऊ पडतं. वाळवी जमिनीतून मातीची नळी करत वर चढते. पेटीखाली दोन-दोन विटा लावा आणि भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा, म्हणजे नळी लगेच दिसेल. फळी लावू नका, ती आधी खाल्ली जाईल. उंदरासाठी लोखंडी पेटीच खरी. प्लॅस्टिकचा डबा तो कुरतडतो. कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट असली तरी पत्र्याचा तुकडा ठोकून बुजवा.

कोठी चालेल, पण तिच्यात सल्फासची गोळी टाकली असेल तर मुळीच नाही. तिचा वायू माणसाला मारतो आणि तांबंही खातो. माळेचे जोड त्याने काळे पडतात.

प्रश्न : सजावट कधी उतरवावी? (तालुका हिंगणघाट)

बऱ्याच ठिकाणी 6 जानेवारीपर्यंत, म्हणजे बाळ येशूच्या भेटीला आलेल्या ज्ञानी (मागी) लोकांच्या आठवणीच्या सणापर्यंत तारा ठेवतात. दिवस कोणताही धरा, वेळ दुपारची घ्या. सकाळी अंगणातल्या ताऱ्यावर आणि माळेवर दव असतं आणि तीच ओल पेटीत गेली की गंज तिथूनच सुरू होतो. सेलवर चालणाऱ्या दिव्यांतले सेल त्याच वेळी काढा.