एनआयसीयूच्या डिप्लोम्यासाठी नोकरी सोडू का?

सांगलीहून एका ताईंनी विचारलंय: वय 26, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, 4 वर्षं एका 22 बेडच्या खासगी बालरुग्णालयाच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) आहेत, हातात 18,000 येतात, त्यातले 8,000 घरी देतात. नोकरी सोडून पुण्यात निओनेटल नर्सिंगचा 1 वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करायचाय. फी 1,10,000, सव्वादोन लाखांची एफडी मोडायची आणि कमी पडेल तिथे सोनं गहाण ठेवायचं असा विचार आहे.

ताई, तुम्ही फीचा हिशोब केलात, पण वर्षभर बुडणारा पगार धरलाच नाहीत. तो 2,16,000. हॉस्टेल, मेस महिना 6,000 धरले तरी 72,000, म्हणजे सगळं मिळून 3,98,000 झाले. आणि नंतर काय, तर इनचार्ज सिस्टर म्हणतात पगार 5,000 ने वाढेल. वर्षाला 60,000. म्हणजे खर्च वसूल व्हायला साडेसहा वर्षं, तेही व्याज न धरता आणि वाढ खरंच मिळाली तर!

डिप्लोमा वाईट असं नाही म्हणत मी, पण 900 ग्रॅमचं बाळ सीपॅपवर (श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवर) सांभाळणं, सिरिंज पंपावर तासाला अर्धा एमएल लावणं, दर 2 तासांनी नळीतून आईचं दूध देणं हे तुम्ही रोज करताय. म्हणजे हातात कसब आहेच, अडचण अशीय की ते तुम्ही कमी पगार देणाऱ्या ठिकाणी विकताय.

आता एम्सची नॉरसेट परीक्षा (नर्सिंग ऑफिसरच्या सरकारी भरतीची) बघा. जीएनएमवाल्यांनाही देता येते, पण किमान 50 बेडच्या हॉस्पिटलमधला 2 वर्षांचा अनुभव लागतो. इथंच गोची आहे, तुमची 4 वर्षं 22 बेडच्या जागी गेली, ती धरली जाणार नाहीत. वयाची अट 30 पर्यंत, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आत्ता मिरज-सांगलीतच एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या एनआयसीयूत गेलो असतो, पगार 1-2 हजारच वाढला तरी चालेल, आणि तिथून 28 व्या वर्षी परीक्षेला बसलो असतो. नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगारच 44,900, भत्ते वेगळे. स्पर्धा भयंकर आहे हे खरं, आणि लागलात तरी पोस्टिंग एनआयसीयूतच मिळेल असं नाही. बाळांपासून लांब जायचंच नसेल तर हा मुद्दा माझ्या आकड्यांपेक्षा मोठा, तो तुम्हीच ठरवा.

शिकायचंच असेल तर मग 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी बघा, डिग्री हातात येते, पुढे एमएस्सीची वाट उघडते आणि नॉरसेटला अनुभवाची अटही राहत नाही. मात्र खर्च जवळपास डबल, तेव्हा एफडी न मोडता एज्युकेशन लोन घ्या, 4 लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत आणि हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात (व्याज मात्र चढत राहतं, जमेल तेवढं मधेमधे भरा). लोनचा एजंट 80ई चं (शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरच्या टॅक्स सवलतीचं) गाजर दाखवेल. तुमच्या पगारावर टॅक्सच लागत नाही, सूट कशातून घेणार?

सोन्याला हात लावू नका. घरी दर महिन्याला जाणारे 8,000 थांबले आणि वर एफडीही संपली तर आईबाबांच्या एका आजारपणात सगळं कोलमडेल.

अजून एक. तुमचं हॉस्पिटल निम्मी फी द्यायला तयार आहे म्हणालात, बदल्यात 3 वर्षांचा बॉण्ड आणि ओरिजिनल सर्टिफिकेट्स त्यांच्याकडे. झेरॉक्स द्या, ओरिजिनल कुणालाच देऊ नका. नोकरी बदललीत तर पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर करा. आणि कुठल्याही कॉलेजला फी भरण्याआधी त्या कोर्सला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते स्वतः तपासा, कारण 6 महिन्यांची 'एनआयसीयू सर्टिफिकेट्स' वाटणारी दुकानं गल्लोगल्ली झालीत. एफडी नोव्हेंबरमध्ये मॅच्युअर होतेय ना, तिचं ऑटो रिन्युअल तेवढं आजच बंद करून या, तोवर नोकरीचं काय ते कळेल.