वाचकांचे प्रश्न : रानातली अळंबी ओळखताना

वारुळावर उगवलेली अळंबी खायला चांगलीच असते, असं घरात ऐकत आलो. ते खरं मानायचं का? (सावंतवाडी)

जागा हा चांगला पुरावा आहे, पण एकट्या जागेवर विसंबू नका. वारुळाच्या मातीत किंवा शेजारच्या पाचोळ्यात दुसऱ्या जातीही उगवतात.

खरी वारुळाची अळंबी, शास्त्रीय नावानं टर्मिटोमायसेस, हिला वाळवीच जोपासते. वाळवी चघळलेल्या लाकूडपाल्याची पोळ्यासारखी जाळी जमिनीखाली रचते, तिच्यावर ही बुरशी वाढते आणि पावसात तिथून वर येते. म्हणून दांडा मातीशी संपत नाही. खाली निमुळतं, लांब मूळ जाळीपर्यंत जातं, कधी वीतभर तर कधी हातभर. ओढलीत तर ते तुटतं आणि सगळ्यात मोठी खूण मातीतच राहते. खुरप्यानं बाजूची माती काढून एक अळंबी मुळासकट सोडवा. बाकीच्या जमिनीलगत कापा, म्हणजे वाळवीची जाळी उसकटत नाही. वारुळाच्या भोकात हात मात्र घालू नका, तिथे साप असतात. पाचोळाही काठीनं बाजूला करा, कोकणात फुरसं त्यातच बसतं.

मग या खुणा पाहा. टोपीच्या मधोमध टणक, बहुधा गडद टोक असतं. टोपीखालच्या पातळ पट्ट्या दांड्याला चिकटलेल्या नसतात आणि अळंबी जून झाली की त्यांच्यावर गुलाबी झाक येते. दांड्याच्या तळाला पिशवी नसते. टोपी पट्ट्या खाली करून ठेवली की बीजाणूंची, म्हणजे पट्ट्यांतून झडणाऱ्या बारीक भुकटीची खूण उमटते; हा ठसा गुलाबी पडतो. या सगळ्या खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत, कारण सुटी खूण फसवते. लांब मूळ आणखी एका रानटी अळंबीला असतं, पण तिची टोपी बुळबुळीत आणि ठसा पांढरा. गुलाबी ठसा एन्टोलोमा या गटाचाही पडतो. त्यात विषारी जाती आहेत, पण त्यांच्या पट्ट्या दांड्याला जोडलेल्या असतात.

वारुळाजवळ शेकड्यांनी उगवणारी बोटाच्या पेराएवढी बारीक अळंबी याच कुळातली. वाळवी जुन्या जाळीचे तुकडे बाहेर आणून टाकते, त्यांवर ती येते. तिला लांब मूळ नसतं, त्यामुळे वरची मुळाची कसोटी तिला लावू नका.

मुळासकट काढायचा एवढा आग्रह का? टोपी पाहून कळत नाही का? (गुहागर)

नाही. अमानिता या गटात जगातल्या सर्वांत घातक अळंब्या आहेत आणि त्यांची खूण मातीत दडलेली असते. लहानपणी ती पांढऱ्या अंड्यासारखी असते. वाढताना आवरण फाटतं आणि दांड्याच्या बुडाशी वाटीसारखी पिशवी उरते. दांड्यावर बहुतेकदा कडं, पट्ट्या पांढऱ्या, ठसा पांढरा. वरून खुडली तर पिशवी जमिनीत राहते आणि हातात येते साधी पांढरी अळंबी.

गोल, न उमललेली अळंबी सापडली तर ती वरून खाली उभी कापा. आत टोपी आणि दांड्याची आकृती दिसली तर ती अमानिता असू शकते. आतून काळी-जांभळी, कडक निघाली तर तीही टाकून द्या. हात लावल्यानं विषबाधा होत नाही, तपासून झाल्यावर हात धुतले की पुरे.

बीजाणूंचा ठसा दोनदा घेतला. कागद ओला झाला, उमटलं काहीच नाही. (दापोली)

आषाढातल्या हवेत कागदावर असंच होतं. कागदाऐवजी काचेचा तुकडा घ्या. काच मागाहून पांढऱ्या आणि काळ्या कागदावर ठेवून रंग पारखता येतो. पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. तुमच्याकडे कदाचित तेही झालं असेल.

पूर्ण उमललेली, पण न सडलेली टोपी निवडा. कोवळ्या टोपीखाली पडदा असतो, त्यातून बीजाणू पडत नाहीत. फार जून असेल तर अळ्या ठसा फिसकटवतात. चिंब भिजलेली टोपी आधी तासभर वर्तमानपत्रावर ठेवा. दांडा अगदी वरून कापा, टोपी पट्ट्या खाली करून काचेवर ठेवा, वर वाटी पालथी घाला म्हणजे पंख्याचा वारा लागणार नाही. रात्रभर हलवू नका. सकाळी उजेडात रंग पाहा, पिवळ्या दिव्याखाली गुलाबी आणि फिकट तपकिरी यांत गोंधळ होतो.

रानातून आणताना प्लॅस्टिकची पिशवी नको. घाम धरून अळंबी दोन-तीन तासांत चिकट होते. कागदी पिशवी किंवा टोपली चालते. प्रत्येक जात वेगळी ठेवा. अभयारण्यातून किंवा देवराईतून काही उचलू नका, तिथे फोटोच घ्या.

शाळेच्या मैदानावर गोल रिंगणात मोठ्या पांढऱ्या छत्र्या आल्या आहेत. लसणीसोबत उकळल्या, लसूण काळी पडली नाही. चांदीचं नाणंही तसंच राहिलं. गोगलगायी खातात. मग खायला हरकत काय? (अलिबाग)

खाऊ नका. लसूण, चांदी, हळद, मीठ यांपैकी कशानंही विष ओळखता येत नाही. गोगलगायींना जे पचतं ते माणसाला मारू शकतं. उकळणं, वाळवणं यांनी अमानितातलं विष जात नाही.

तुमच्या वर्णनावरून ही हिरव्या बीजाणूंची क्लोरोफायलम असण्याची शक्यता मोठी आहे. गवतात रिंगण करून येते, टोपीवर तपकिरी खवले, दांड्यावर वर-खाली सरकणारं कडं. कोवळेपणी पट्ट्या पांढऱ्या असतात, तिथेच लोक फसतात. ठसा घ्या, फिकट हिरवा पडेल. खाल्ल्यावर बहुधा एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या-जुलाब होतात, मुलांच्या अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं.

अमानितात उलट घडतं. त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो, दुसऱ्या दिवशी बरं वाटू लागतं आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. त्यामुळे रानटी अळंबी खाल्ल्यावर कुणालाही त्रास झाला तर 'उतरेल' म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना, त्रास नसला तरी, दवाखान्यात न्या. उरलेली भाजी आणि न शिजवलेला तुकडा कागदात बांधून सोबत घ्या आणि किती वाजता खाल्ली ते डॉक्टरांना आधी सांगा.