आंत्रविषार: नव्या शेळीपालक भावासाठी

भाऊ, बेरारी शेळ्या घेतल्या, चांगलं केलं. पण ज्वारीची सोंगणी झालेल्या वावरात कळप एकदम मोकळा सोडू नको. पडलेली कणसं बकऱ्या अधाशासारख्या खातात आन् तिथंच घात होतो, आंत्रविषार म्हणजे आतड्यातल्या विषाचा रोग होतो.

क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू शेळीच्या आतड्यात एरवीही थोडाफार असतोच. दाण्यातला न पचलेला स्टार्च (पिठूळ भाग) लहान आतड्यात उतरला की हा जिवाणू झपाट्यानं वाढतो आणि एप्सिलॉन नावाचं विष सोडतो. सुटताना हे विष निकामी असतं. शेळीच्याच पाचकरसातलं ट्रिप्सिन त्याचा एक तुकडा कापतं, मग ते जागं होतं! आतड्यातून रक्तात शिरतं, पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, मेंदू सुजतो. म्हणून करडू मान मागं टाकून पाय झाडतं. गावात लोक साप चावला म्हणतील, कोणी करणी म्हणेल. ऐकून सोडून दे.

बहुतेकदा कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट करडूच आधी जातं. रक्तात गेलेलं विष अँटिबायोटिकनं निघत नाही, म्हणून लसच खरी. मे महिन्यात, पावसाळ्याआधी ईटीची, म्हणजे आंत्रविषाराची लस टोचून घे. पहिल्यांदाच देत असशील तर दोन-तीन आठवड्यांनी बूस्टर, म्हणजे दुसरा डोस. दवाखान्यातून लस आणताना बर्फाच्या थर्मासातच आण, विदर्भातल्या मे महिन्यात खिशातली लस कामाची राहत नाही. खुराकही वाढवायचा तर हळूहळू, आठवडा-दोन आठवडे घेऊन.