स्ट्रोलरचं दुसरं टोक

"बाळाला घेऊन एवढ्या लांब जाऊ का मॅडम?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत मी इतक्यांदा ऐकलाय की आता आई खुर्चीत नीट टेकायच्या आधीच मला अंदाज येतो. नवऱ्याचं दोन-तीन महिन्यांचं ऑनसाइट, ती रजा वाढवून घरी, बाळ वर्षाच्या आतबाहेर. लंडन-सिंगापूर असेल तर ओळखीतलं कुणीतरी जाऊन आलेलं असतं. पण गाव साउथ अमेरिकेतलं निघालं की घरात सगळे गप्प होतात आणि मग आई, सासू, मावशी, सगळ्यांचं एकच, "तिथे आपलं कोण आहे?"

मृणालचं (नाव बदललंय) अगदी हेच होतं. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्सला, सहा आठवडे, ऑक्टोबर-नोव्हेंबर, मुलगा अकरा महिन्यांचा, नवरा आधीच पोचलेला. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा मी दारातच उभी होते. माझ्या ऑफिसला पाच पायऱ्या आहेत, तिने स्ट्रोलर एकटीने उचलला, मी पुढे झाले तर "नको नको, मला सवय आहे" म्हणाली आणि धापा टाकत आत आली. मी ते तेव्हा फक्त बघून ठेवलं.

तिच्याकडे प्रश्नांची एक वहीच होती. मी अशा वहीला कधी नावं ठेवत नाही, कारण काळजीत एक भाग खराखुरा असतो, तो माहितीने सुटतो, आणि तो आधी सोडवून टाकला की उरलेला भाग उघडा पडतो. म्हणून पहिली दोन सेशन्स आम्ही चक्क वही सोडवली.

त्यातलं इतरांना उपयोगी पडेल ते सांगते. यलो फीव्हरची लस लक्षात ठेवा. आपल्या सरकारच्या यादीत अर्जेंटिना आहे, त्यामुळे तिथून परत येताना सर्टिफिकेट मागतात, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना सूट आहे, पण लस साधारण नऊ महिन्यांनंतर देतात, म्हणजे मधलं वय असेल तर बालरोगतज्ज्ञांशी आधी बोला. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. नळाचं पाणी तिथे पिण्यासारखं असतं. ऋतू उलटे, आपल्या दिवाळीत त्यांचा वसंत. घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, पुण्यात सकाळचे साडेआठ तेव्हा तिथे रात्रीचे बारा, तेव्हा पहिले चार-पाच दिवस बाळ झोपेचं वेळापत्रक पाळेल ही आशा सोडा. आणि रात्री नऊ-दहाला हॉटेलात लहान मुलं जेवताना दिसली तर दचकू नका, तिकडे जेवणाची वेळच ती.

स्ट्रोलरचं मात्र नीट सांगावं लागेल. नवरा तिला व्हिडिओ कॉलवर फुटपाथ दाखवायचा. चौकोनी फरश्या, काही फुटलेल्या, काही नुसत्या सैल, पावसानंतर अशा फरशीवर पाय पडला की खालचं पाणी पिचकारीसारखं गुडघ्यापर्यंत उडतं. सॅन तेल्मो या जुन्या वस्तीत तर रस्तेच दगडी गोट्यांचे. उलट पोर्तो मादेरोचा नदीकाठचा भाग सपाट, पालेर्मोच्या बागा प्रशस्त, १९१४ चं गुलाबांचं उद्यान तिथेच, आणि नोव्हेंबरात जाकारांडा फुलून रस्ते जांभळे होतात. मी म्हटलं, सपाट भागात स्ट्रोलर, सॅन तेल्मोत आणि मेट्रोत बाळाला अंगाला बांधायची झोळी. तिथली मेट्रो १९१३ ची, तिला सुब्ते म्हणतात, आणि जुन्या स्टेशनांपैकी कित्येकांना लिफ्टच नाही.

(पालेर्मोच्या एका भागाला लोक, मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या नावावरून, विला फ्रॉइड म्हणतात, इतके सायकॉलॉजिस्ट तिथे आहेत. आमच्या क्षेत्रातल्या माणसाचं ते पंढरपूरच, माझी वारी अजून राहिलीय.)

तिसऱ्या सेशनला वही संपली होती. तिला झोप तरीही येत नव्हती.

"आता काय उरलं?"

"जिने. सुब्तेचे. झोळीत हा, एका हातात दुमडलेला स्ट्रोलर, खांद्याला बॅग... मॅडम, महिनाभर जिम लावू का?"

"आणि कुणाला म्हणालीस, जरा हे धरता का, तर?"

ती पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. बराच वेळ. घाई करायची नाही हे मला एवढ्या वर्षांनी नक्की कळलंय.

"असं कसं सांगणार कुणाला."

"इथे सांगतेस?"

मग हळूहळू निघालं. मधे एकदा सोसायटीची लिफ्ट नऊ दिवस बंद होती. ही चौथ्या मजल्यावर. खाली वॉचमनकाका, शेजारी दार उघडं टाकून बसणाऱ्या काकू, आणि ही जिन्यात कुणी नाही ना बघून मगच बाळ, स्ट्रोलर, भाजी घेऊन चढायची. कुणी मदतीला येऊ नये म्हणून थांबायची!

"आले असते तर काय झालं असतं?"

"म्हणाले असते, झेपत नाही तर बाहेर कशाला पडते."

"कोण म्हणालं असतं? काकू?"

"नाही हो, काकू नाही म्हणणार." मग एकदम थांबून, "मीच म्हणते बहुतेक. मलाच."

आणि रडली. बाळ झोपलेलं, पंख्याचा आवाज, मी पाण्याचा ग्लास सरकवला, बोलले काहीच नाही. त्या क्षणी मला तो पहिला दिवस आठवला, पाच पायऱ्या आणि "नको नको". तिला ब्युनोस आयर्सची भीती वाटत होती कारण तिथे लपून चढता येणार नव्हतं, इतकं ते सरळ होतं.

मी एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करणारी. आई चांगली असावी ही इच्छा, पण आईला सगळं एकटीने जमलं'च' पाहिजे, या 'च'शी माझं भांडण. आणि 'च' नुसत्या बोलण्याने जात नाही, करून बघावं लागतं. अल्बर्ट एलिस स्वतः तरुणपणी लाजाळूपणा घालवायला न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमधे बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी मुद्दाम जाऊन बोलायचा. मी मृणालला सांगितलं, रोज एका अनोळखी माणसाकडे मदत मागायची, गरज नसली तरी. आणि एक वाक्य पाठ करायचं, 'मे आशुदास?', म्हणजे मला मदत करतोस का. स्पेनमधे हे वेगळं ऐकू येईल, ब्युनोस आयर्सचे लोक असा 'श' लावतात.

पहिले दोन दिवस तिने काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी बँकेच्या पायरीवर एका आजोबांना विचारलं, त्यांनी स्ट्रोलर उचलला आणि वर बाळाला किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवला. मला फोन करून सांगताना तिचा आवाज थरथरत होता.

तिकडून एकच व्हॉइस नोट आली. सुब्तेच्या जिन्याशी तिने ते पाठ केलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं तोवर एक बाई कानाला फोन तसाच धरून, बोलणं न थांबवता, स्ट्रोलरच्या पुढच्या चाकांना हात घालून चढायलाही लागली होती. वर बाळाच्या गालाला हात लावला आणि गेली. "मॅडम, माझं वाक्य वायाच गेलं!"

जानेवारीत ती शेवटच्या सेशनला आली. सॅन तेल्मोत माझं न ऐकता स्ट्रोलर नेला होता, पुढचं एक चाक वाकलं होतं. मी आत फाइल काढत होते, तर खालून हाक आली, "मॅडम, जरा दुसरं टोक धरता का?"