स्क्वॉश सोडू का सायकॉलॉजी?

प्रश्न: ताई, मी सोलापूरची, एसवायबीएला सायकॉलॉजी घेतलंय आणि शाळेपासून स्क्वॉश खेळते, राज्यपातळीपर्यंत गेलेय. सकाळी फिटनेस, मग कॉलेज, संध्याकाळी कोर्ट, रात्री पुस्तक उघडलं की डोळेच मिटायलेत. स्पर्धा बहुतेक पुण्या-मुंबईला, त्यात लेक्चरं बुडतात. पप्पा म्हणतात एक काहीतरी सोड. २०२८ ला स्क्वॉश पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये येतंय, आत्ता कसं सोडू ओ?

उत्तर: अगं सोडतेस कशाला? दिवसभर अंग मोडून खेळायचं, रात्री दहाला थिअरी घेऊन बसायचं आणि वर झोप येते म्हणून स्वतःलाच बोल लावायचा, हे काही बरोबर नाही. रात्री झोप सरळ. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागतेच, तुझाच विषय आहे हा. वाचन सकाळी नाश्ता झाला की, नाहीतर ऑफ तासाला लायब्ररीत.

थिअरीचं मला तरी टेन्शन वाटत नाही, ती प्रवासातही होते. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना पुस्तक परत परत वाचू नकोस, मिटून ठेव, आठवेल ते लिही, मग उघडून काय सुटलं ते बघ. एबिंगहाऊस या मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच दाखवलंय की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, म्हणून दोन दिवसांनी परत एकदा आठवायचं. खरं घोडं अडतं ते प्रॅक्टिकलला. समोर सब्जेक्ट, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, बसवून, सूचना देऊन, रीडिंग घ्यावं लागतं, ते रात्री एकटीनं होत नाही, आणि जर्नलवर सह्या नसतील तर परीक्षेच्या तोंडावर धावाधाव ठरलेलीच. स्पर्धेची तारीख कळली रे कळली की मॅडमना भेट, दुसऱ्या बॅचबरोबर प्रॅक्टिकल करू देतात का विचार, आणि जिमखान्याच्या सरांकडून खेळायला जातेय असं पत्र जायच्या आधीच घे, आल्यावर हजेरीसाठी भांडत बसू नको.

परीक्षेच्या महिन्यात रोज कोर्टवर नाही गेलीस तरी चालतंय. घोस्टिंगला, म्हणजे शॉट मारल्यासारखं करत नुसतं पळायच्या सरावाला, ना बॉल लागतो ना भिंत, गच्चीवर मधोमध टीची (कोर्टच्या मधल्या जागेची) खूण करायची आणि सहा दिशांना पळून परत यायचं, वीस मिनिटांत घाम निघतो. कोर्ट मिळालं आणि पार्टनर नसला तर एकटीनं ड्राइव्ह, म्हणजे भिंतीवर लांब सरळ फटके, मार. (आपल्याकडं मे महिन्यात बॉल तापून नुसता उडत राहतो, तोच डबल यलो (दोन पिवळ्या ठिपक्यांचा, सगळ्यात कमी उसळणारा बॉल) थंडीत पुण्याच्या कोर्टवर उसळतच नाही, तिथं मॅचआधी नीट तापवून घे बाई.)

पप्पांना ऑलिम्पिक सांगून पटायचं नाही, स्क्वॉश घ्यायचा तो निर्णय २०२३ ला मुंबईतच झाला तरी! त्यांच्याकडं या सेमिस्टरपुरती मुदत माग, एटीकेटी लागली तर पुढच्या सेमिस्टरला स्पर्धा कमी करेन असं आपणहून सांग. तसंही प्रत्येक स्पर्धा खेळायची गरज नाही, रँकिंगला उपयोगी पडतील तेवढ्या ठेव, बाकीच्या कोचशी बोलून गाळून टाक.