पैसे भरण्याआधी घर खाडीच्या कुठल्या अंगाला आहे ते विचारा

‘मालवणला लागूनच, चिऱ्याचं जुनं घर, मागं माडाची बाग, पण रक्कम सगळी आधी भरा.’ बेळगावातल्या एजंटनं तुम्हाला असं सांगितल्याचं वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. आम्हालाही हेच ऐकवलं होतं. आई-वडिलांना घेऊन मालवण, वेंगुर्ला, तेरेखोल तीन दिवसांत बसेल का, असं तुम्ही विचारलंय. बसेल. पण घर नेमकं कुठं आहे त्यावर आहे सगळं.

बेळगावातनं आंबोलीमार्गे सावंतवाडी नव्वदेक किलोमीटर, ते तुम्हाला ठाऊकच असणार. मॅप कधी कधी तिलारी घाटात घालतो, तिकडं जाऊ नका. उतार जबर आहे, वळणं अरुंद आहेत. वयस्कर माणसं गाडीत असताना तर नकोच.

आता मुख्य गोष्ट, खाडी म्हणजे कर्ली नदी. ती देवबागच्या टोकाला समुद्राला मिळते. उत्तरेला देवबाग, तारकर्ली, मालवण. दक्षिणेला भोगवे, निवती आणि पुढं वेंगुर्ला. भोगव्याच्या बाजूनं बघितलं तर देवबाग हाकेच्या अंतरावर वाटतं. गाडीनं जायचं तर आत शिरून, पूल गाठून, वळसा घालावा लागतो. आमचं घर दक्षिणेला होतं. म्हणजे एजंटचं ‘लागूनच’ होडीच्या हिशेबानं!

हे कळल्यावर आम्ही वेळेत बुकिंग रद्द करायला सांगितलं. एजंट म्हणाला, ‘पैसे तिकडं गेले ओ, मालकाकडं मागा की.’ मालकाला फोन केला. माणूस सरळ, म्हणाला, ‘माका अजून एक रुपयो गावूक नाय.’ मग तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो, नाव लिहीत नाही. तिथल्या साहेबांनी पावती उजेडाकडं धरून बघितली. त्यावर ना शिक्का, ना अटी, नुसतं पेनानं ‘मालवण, ३ रात्री’. ‘घर महाराष्ट्रात येतंय, तिकडं जावा,’ म्हणाले. तिकडं विचारलं तर, ‘पैसे कर्नाटकात भरलेत ना?’ सीमाभागातल्या माणसाला हे काय नवीन आहे म्हणा! अर्ज कुठल्या भाषेत लिहायचा इथपासून सुरुवात. असो, त्यावर लिहायला बसलो तर रात्र जाईल.

तेव्हा कुणी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. (मी वकील नाही, खात्री करून घ्या.) ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. घर कुठल्या राज्यात आहे याचा अडसर येत नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनला फोन करून बघा. आम्हाला निम्मे पैसे परत मिळाले, तेही एजंटच्या दुकानात रोज जाऊन बसल्यावर.

म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो: एजंटला पूर्ण रक्कम द्यायचीच नाही. आधी मालकाशी स्वतः बोला, गावाचं आणि वाडीचं नाव घ्या, रद्द केल्यास किती परत मिळणार ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा. लिहून द्यायला टाळाटाळ झाली की समजायचं काय ते.

फिरताना एका दिवसात खाडीचं एकच अंग धरा. उत्तरेला सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ मध्ये काम सुरू झालेला, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. पावसाळ्यात होड्या बंद असतात आणि चढता-उतरताना वयस्करांना हात द्यावा लागतो. दक्षिणेच्या दिवशी शिरोडा (१९३० चा मिठाचा सत्याग्रह इथलाच), रेडीचा गणपती आणि तेरेखोलचा किल्ला. तेरेखोल गोव्यात मोडतं, पण नदीच्या अलीकडच्याच काठावर आहे, त्यामुळं रेडीवरून जाताना फेरीबोट लागत नाही. आई-वडिलांसाठी मला हाच दिवस जास्त सोयीचा वाटतो. भरतीची वेळ मालकाला रोज विचारा, ती दररोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते.

आणि जाताना कुंद्याचा (आपली बेळगावची दुधाची मिठाई) एक डबा मालकासाठी न्या, जेवणाच्या ताटात फरक दिसतो.

एजंटनं वाडीचं नाव सांगितलं की इथं टाका, घर कुठल्या अंगाला पडतंय ते सांगतो. तोवर पैसे भरू नका.