आधी आगाऊ रक्कम, मग कात्री

ताई, एका कार्यालयाकडून 300 कापडी पिशव्यांची पहिली मोठी ऑर्डर आलीय, माणूस ओळखीचा म्हणून आगाऊ पैसे मागायला संकोच वाटतो, तर कापडासाठी घरखर्चातले पैसे काढू का, असं तुम्ही विचारलंय. वाचून माझ्या पोटात गोळाच आला. अगदी याच जागी मी उभी होते, आणि तेव्हा मला कोणी अडवलं नाही.

काढू नका. एवढंच वाचलंत तरी चालेल. बाकीचं माझं रडगाणं आहे, पण त्यात कामाचं काही निघेल.

माझी ऑर्डर 400 ची होती. कार्यालयाचं नाव घेत नाही. त्यांचं बोधचिन्ह पिशवीवर दोन रंगांत छापायचं होतं. कापड, बंद, दोरा आणि छपाई धरून एका पिशवीचा खर्च 100 समजा. त्यावर मी 25 टक्के चढवून 125 सांगितले आणि स्वतःवर खूश झाले. समोरचे म्हणाले, मोठी ऑर्डर आहे, 20 टक्के सूट द्या. 25 मधले 20 गेले तरी 5 उरतात, असं मनातल्या मनात धरून मी हो म्हणाले. आता कागदावर मांडून बघा. 125 चे 20 टक्के म्हणजे 25. उरलं शून्य. चढवताना टक्के खर्चावर मोजले जातात आणि सूट देताना विक्रीच्या किमतीवर, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. शिवाय त्या 100 मध्ये माझी मजुरी कुठेच नव्हती. एका पिशवीला कापण्यापासून घडी घालण्यापर्यंत 12 मिनिटं लागायची. 400 पिशव्यांचे झाले 80 तास. ते सगळे फुकट.

पण खरी चूक ही नव्हतीच. शून्यावर सुटले असते तरी अनुभव म्हणून सोडून दिलं असतं. चूक ही की एक पैसा हातात न घेता मी कापडाला कात्री लावली. त्यांचं नाव छापलेली पिशवी दुसरं कोण घेणार? कात्री लागली त्या क्षणापासून भाव करायची ताकद सगळी त्यांच्याकडे गेली.

माल वेळेवर पोचवला. ‘बिल दिल्यावर 30 दिवसांत पैसे’ असं तोंडी ठरलं होतं. महिना झाल्यावर विचारलं तर कळलं की 30 दिवस बिल ‘स्वीकारल्या’पासून मोजतात, आणि माझं बिल स्वीकारलंच नव्हतं, कारण त्यावर ऑर्डर क्रमांक नव्हता. तो क्रमांक मला कधी दिलाच नव्हता! दुसरं बिल दिलं. मग सही करणारे साहेब रजेवर. मग त्यांची बदली. नवीन साहेबांना माल मिळाल्याची पावती हवी होती, आणि मी पिशव्या दारावरच्या माणसाच्या हवाली करून हसत घरी आले होते. प्रत्येक खिडकीवरचा माणूस गोडच बोलायचा हो, त्याचाच जास्त राग यायचा. पाच महिने गेले. पैसे बुडाले नाहीत, पण माझं सगळं भांडवल त्यांच्याकडे अडकून पडलं. त्या काळात सात-आठ पिशव्यांची, रोख देणारी छोटी गिऱ्हाइकं मी कापडाला पैसे नाहीत म्हणून परत पाठवली. त्यातली दोन पुन्हा आलीच नाहीत. हे नुकसान कुठल्याच वहीत दिसत नाही.

म्हणून आता माझा हट्ट असतो (हट्टच म्हणा, नियम म्हणायला मी कोणी हिशेबनीस किंवा वकील नाही): कापड, बंद आणि छपाई यांचा पूर्ण खर्च आगाऊ. साधारण निम्म्याहून जास्त होतो. होऊ दे. उरलेले माल ताब्यात देताना. नाव छापायचं नसेल तर मी थोडी सैल पडते, कारण तो माल दुसरीकडे खपतो. आणि ओळखीच्या माणसाकडे मागायला लाज वाटते ना? त्याला सरळ सांगा, ‘कापडवाला मला उधार देत नाही.’ खरं तेच आहे. एवढ्यावर जो रुसतो, तो पुढे बिलालाही रडवेल, असं माझं मत. काहींना ते टोकाचं वाटतं. ज्यांची पुंजी मोठी आहे त्यांचं गणित वेगळं असू शकेल.

नमुन्याची एक पिशवी शिवून, छापून, त्यावर लेखी होकार घ्या. मेसेजवर चालेल. माझ्या पिशव्यांबद्दल नंतर ‘हा आमचा निळा नव्हे’ असंही ऐकून झालंय. छपाई कापलेल्या तुकड्यांवर करून घ्या, शिवण्याआधी. ठसा बिघडला तर निदान शिलाई वाया जात नाही.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. माप ठरवण्याआधी कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बघा. 150 सेंटिमीटर पन्ह्यात 37 चे चार तुकडे बसतात. गिऱ्हाइकाने ‘जरा रुंद करा’ म्हटलं आणि तुम्ही 39 केलेत की तीनच बसतात. दोन सेंटिमीटरपायी प्रत्येक पिशवीला एक तृतीयांश कापड जास्त. मी मान डोलावून मोकळी झाले होते. जाड कापडाला 100/16 क्रमांकाची (जाडसर) सुई लावा आणि साधारण आठ तासांच्या शिलाईनंतर बदला. घरगुती मशीन सलग चालवू नका, मोटर तापते.

तुमच्या पिशवीचं माप आणि कापडाचा पन्हा इथे लिहा, तुकडे कसे बसवायचे ते बघून सांगते. पण आज आधी त्या ओळखीच्या माणसाला फोन करा.